बिराजदार सरांचं ताट

मेंदूचा एमआरआय वाचायला बसले की मला खडूचा वास येतो. हे कोणाला सांगितलं की लोक हसतात, म्हणून आता सांगत नाही. नांदेडला मी गेली कित्येक वर्षं हेच काम करते, काळ्या पडद्यावर करड्या रंगाचे मेंदू बघण्याचं. पण मी पाहिलेला पहिला मेंदू लातूरला, पत्र्याचं छप्पर असलेल्या एका क्लासच्या हॉलमध्ये, हिरव्या फळ्यावर होता. तो काढला होता आमच्या बिराजदार सरांनी.

सर मेंदू दोन्ही हातांनी काढायचे. डाव्या हातात एक खडू, उजव्या हातात एक. वरून सुरुवात करायची, दोन्ही हात दोन बाजूंनी वळणं घेत उतरायचे आणि खाली येऊन भेटायचे. अडीचशे पोरं गपगार. डॉक्टर व्हायला आलेली ती पोरं देवणी, उदगीर, देगलूर, निलंगा, कुठून कुठून एसटीनं आलेली. घरच्यांनी वावर विकायची तयारी ठेवून पाठवलेली. सरांच्या तासाला मात्र रट्टा मारायचंही विसरून जायची.

आकृती पूर्ण झाली की सर मेंदूची एक पाळी, म्हणजे बाहेरची एक घडी, खडूनंच उघडून दाखवल्यासारखी काढायचे आणि तिच्या आड दडलेला एक भाग केशरी रंगानं भरायचे. इन्सुला.

"हे पेपरला येणार न्हाई," ते म्हणायचे. "तरी काढून राहिलो. चव, मळमळ, भूक, पोट भरलं का न्हाई, हे हितं कळतं म्हणतात. वरनं बघितलं तर दिसत न्हाई. दोन पाळ्या बाजूला साराव्या लागतात."

"सर, पेपरला येणार नसंल तर काढता कशाला?" एकदा मागच्या बाकावरून एकानं विचारलंच.

सरांनी प्रश्नावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "ते तिथं हाय म्हणून."

पोरं त्यांना 'टाइमटेबल' म्हणत. सरांना ते कळलं होतं आणि त्यांना ती स्तुती वाटली होती. वर्षभर एकाच फिकट निळ्या रंगाचा शर्ट, कॉलरमागचं लेबल कातरून काढलेलं. डोक्यावरचा पंखा ते बंद करायला लावत, कारण त्याच्या घरघरीत त्यांना आपलंच बोलणं ऐकू येत नसे. लातूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून शिकवणारा माणूस आणि घामानं निथळत ऐकणारी पोरं, असं दृश्य बाहेरच्या कोणी पाहिलं असतं तर आम्हा सगळ्यांनाच वेड्यात काढलं असतं. ते कोणाच्या डोळ्यांत बघून बोलत नसत. बोलायचं ते तुमच्या खांद्याशी, पण तुमची मागच्या महिन्यातली चूक त्यांना पान नंबरासकट आठवायची.

आणि ते कधीही कोणाला 'जेवण झालं का' असं विचारत नसत. आमच्याकडे माणूस भेटला की आधी हेच विचारतात. सकाळी अकराला विचारतात, दुपारी चारला विचारतात, सुटलेल्या एसटीच्या खिडकीत तोंड घालून विचारतात. त्यावर 'हाव', म्हणजे हो, म्हणायचं असतं, पोटात कावळे ओरडत असले तरी. सरांना कोणी विचारलं तर ते म्हणत, "तुमाला काय करायचंय?" यात राग नसायचा. त्यांना खरंच कळत नसे की समोरच्याला काय करायचंय.

क्लासच्या मालकांच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हाची गोष्ट सगळ्या लातूरनं चघळली. सर पंगतीला बसले होते. बुंदी एका बाजूला, भात एका बाजूला, मध्ये बोटभर जागा राखून. मालक स्वतः आग्रहाला आले आणि प्रेमानं दोन वाढणी वरण भातावर ओतून गेले. वरण वाहत वाहत बुंदीपर्यंत पोचलं. सर उठले, हात धुतले आणि घरी निघून गेले. भरल्या पंगतीतून, पहिल्या घासाआधी! मालकांनी वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

सर जेवायचे ते फातिमाखालाच्या खानावळीत. खाला क्लासच्या पोरापोरींसाठी भाजीभाकरीची खानावळ चालवायची, मीही तिथलीच. सर लिंगायत, गळ्यात लिंग, तेव्हा गावात कुजबुज व्हायचीच. काही जणांना ते मोठे सुधारक वाटायचे. एका भाऊबंदानं तोंडावर विचारलं तेव्हा सर म्हणाले, "त्यांच्या ताटाला खाने हायत. तुमच्याकडं हाय का तसं ताट?" खालाकडे त्यांच्यापुरतं पाच खान्यांचं स्टीलचं ताट होतं. भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी, भात, वरण. कशाचा कशाला स्पर्श नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून सर जेवत आणि खाला त्यांच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापत बसायची.

त्या पाठ फिरवण्यामागची गोष्ट मला खालानंच सांगितली. भूकंपात सरांचं गाव बसलं. घरातले लोक घोरतात ते सहन होत नाही म्हणून सर अंगणात झोपले होते, म्हणून वाचले. आत त्यांची आई होती. आयुष्यभर ती एकटीच त्यांना न बोलता चार वाट्या वेगळ्या वाढायची, ती गेली.

"मोहल्ले के लोगां डेगां लेके गये थे, मैं बी गई," खाला सांगायची. "सबकू खिचडी. और ये आदमी बैठा. खिचडी कू देखता, खाता नै. एक दिन, दो दिन, चार दिन."

लोकांना वाटलं दुःखानं खात नाही. एका भल्या स्वयंसेवकानं खांदे धरून घास तोंडात कोंबला. सर भडाभडा ओकले. मग कोणी म्हणालं, माणसं मेली आणि याला अन्नाचा माज आहे. खालानं मात्र ओकलेलं साफ केलं, आणि एक कोरडी भाकरी आणि पानावर थोडं दही, हातभर अंतरानं ठेवलं.

"फिर मैंने पीठ फिराई. घडीभर से देखी, तो सब खतम. ओ आदमी भूका था बेटा. लई भूका था."

सर लातूरला क्लासमध्ये शिकवायला लागले आणि पहिल्याच दिवशी खालाचा पत्ता शोधत आले. 'ज्याला खायला जमत नाही त्याच्याकडे पाठ करावी' हा त्यांचा एकमेव धर्म होता म्हणा ना.

आता दिपालीबद्दल सांगायला हवं. इथपर्यंत मी मजेत सांगत आले, कारण पुढचं सांगायचं मला जिवावर येतं.

दिपाली देगलूरची. वडील कापडाच्या दुकानात कामाला. आम्ही एका खोलीत राहायचो, तिची खाट खिडकीशी, माझी दाराशी. हुशार म्हणजे किती, तर सरांच्या आकृतीतली चूक तिनं एकदा दाखवली होती आणि सरांनी खडू ठेवून तिला नमस्कार केला होता. बारावीच्या वर्षाला दिवाळीनंतर तिचं जेवण कमी होत गेलं. आधी भात सुटला, मग दही. कोणी विचारलं, 'जेवलीस का?' तर 'हाव'. घरून फोन आला, 'जेवलीस का गं?' 'हाव, अम्मा.' आमच्याकडच्या त्या प्रश्नाला आमच्याकडचंच उत्तर, त्यामुळे कोणाचं अडलं नाही.

खालाच्या ते आधी लक्षात आलं. ती दिपालीच्या समोर बसायला लागली, "एक निवाला, मेरे वास्ते," म्हणायला लागली. दिपाली रडायची. एक दिवस सरांनी कोपऱ्यातून हे पाहिलं आणि ताट सोडून उठले. जेवताना उठलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले.

"खाला, तिच्या मागं लागू नगा," ते म्हणाले. "पाठ करा. मला म्हाईत हाय, जबरदस्ती केली की घास आत जात न्हाई. भूक लागली की तिच्या मनानं खाईल."

खाला म्हणाली, "सर, तुम्हारी बात अलग थी. तुम भूके थे. ये लडकी भूक कू हरा रई."

"मला शिकवू नगा," सर म्हणाले. इतकं तोडून ते खालाशी कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून तसंच पाच खान्यांचं दुसरं ताट घेऊन आले. दिपालीसाठी भिंतीकडे तोंड करून खुर्ची लावली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्यासारखं कोणी भेटलं होतं असं त्यांना वाटलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. तासाला जाताना ते तिच्यासाठी दार धरून उभे राहू लागले. आपल्या शितावरून त्यांनी तिच्या भाताची परीक्षा केली. दिपालीला काय, हवंच होतं ते. कोणी बघत नव्हतं. ताट रिकामं व्हायचं; ते कुठे रिकामं व्हायचं हे मला माहीत होतं. तिनं मला शपथ घातली होती आणि मी गप्प बसले. थंडी सरली तरी ती स्वेटर घालून अभ्यास करायची. टेस्टमध्ये पहिली यायची, म्हणून क्लासमध्येही सगळं आलबेल होतं.

एका रविवारच्या टेस्टमध्ये ती बाकावरच कलंडली. दवाखान्यात दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी पहाटे तिचं हृदय थांबलं.

तिचे वडील आतून बाहेर आले तेव्हा आम्ही सगळे दवाखान्याच्या पायऱ्यांवर होतो. सर भिंतीला चिकटून उभे होते. कोणाचा हात लागला तर ज्यांचं अंग आक्रसायचं, त्या सरांचे दोन्ही हात त्या माणसानं आपल्या हातांत घेतले.

"सर, पोरगी फोनवर सांगायची," ते म्हणाले. "सगळे जेव जेव करत्यात, एकच सर हायत, ते मागं लागत न्हाईत. तुमी तरी तिला समजून घेतलं. तुमचे उपकार हायत."

सरांनी हात सोडवून घेतले नाहीत. ते तसेच उभे राहिले, तोंड उघडं. मी इतकी दुःखं पाहिली पुढे, पण कृतज्ञतेनं माणूस असा मोडलेला पाहिला नाही. मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं की सरांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी ओरडले नाही.

त्या वर्षी सरांनी मेंदू काढला, पण पाळी उघडली नाही. केशरी खडू डबीतच राहिला.

मी नांदेडला शिकायला आले आणि इथलीच झाले. मध्ये बारा-तेरा वर्षं गेली असतील. एका सकाळी सेंटरच्या दारात सर उभे. पहिल्या गाडीनं आले होते, हातात डबा, अंगात तोच निळा शर्ट. केस पांढरे झाले होते.

"माझा मेंदू काढ," ते माझ्या खांद्याला म्हणाले. "मला बघायचाय."

"काय होतंय सर? डोकं दुखतं का?"

"काय होत न्हाई. दिपालीचं न खाणं आन् माझं न खाणं, बाहेरनं सारखंच दिसत होतं. आतनं येगळं दिसलं असतं का, ते मला कळायला पायजे."

कारणाशिवाय स्कॅन करायचा नसतो. मी केला. मशीनचा आवाज किती मोठा असतो हे मी त्यांना सांगितलं, कानांत बोळे घातले. पंख्याची घरघर न सोसणारा माणूस त्या ठकठकाटात शिरला. तीनच मिनिटांत माइकवर त्यांचा आवाज यायला लागला. ते मेंदूच्या बारा नसा म्हणत होते, क्लासमध्ये आमच्याकडून म्हणून घ्यायचे तशा, एका चालीत. बोलल्यामुळे डोकं हललं आणि सगळी चित्रं बिघडली.

"सर, बाहेर काढू का?" मी विचारलं.

"असा आवाज मी एकदाच ऐकलाय," ते म्हणाले. "काढू नको. परत घे. आता गप राहतो." आणि पुढची वीस मिनिटं काचेतून मला फक्त त्यांच्या पायाचा अंगठा हलताना दिसला, बारापर्यंत मोजून थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

नंतर आम्ही पडद्यासमोर बसलो. मी त्यांना त्यांचा इन्सुला दाखवला. ते वाकून बघत राहिले.

"मी जरा लांबट काढत होतो," म्हणाले. मग विचारलं, "काय दिसून राहिलं?"

"काही नाही सर. नॉर्मल आहे."

"दिसत न्हाई, का न्हाईच?"

एखाद्या कच्च्या उत्तरावर ते कधी सोडायचे नाहीत, तेव्हा मी खरं ते सांगितलं. त्यांच्यासारख्या माणसांना हल्ली स्वमग्न म्हणतात. शेकडो जणांचे मेंदू मोजून सरासरी काढली की मेंदूची साल, म्हणजे वरचा थर, कुठे किंचित जाड, कुठे किंचित पातळ असं निघतं, आणि त्यावरही जाणकारांचं एकमत नाही. एकट्या माणसाच्या फिल्मवर बोट ठेवून 'हे बघा' म्हणता येत नाही.

"मग्न?" सर म्हणाले. "मी कुठं मग्न हाय? मला तर समद्यांचंच लई आत येतं." मग म्हणाले, "आन् तिच्यात?"

"उपासमारीनं मेंदूची साल पातळ होते सर. मधल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या दिसतात. वेळेत खाणं सुरू झालं, वजन परत आलं, की बहुतेक भरून येतं."

"म्हंजे तवा काढला असता तर दिसलं असतं."

"कदाचित. पण तो उपाशी राहिल्याचा परिणाम. तिनं खाणं का सोडलं ते त्यात दिसलं नसतं. या दडलेल्या भागावर दोन्हींत संशय आहे. आणि काही मुलींत दोन्ही असतं, तुमचं आणि तिचं, एकत्र."

ते पुन्हा पडद्याकडे वाकले. "म्हंजे मी अर्धा बरोबर असंल."

"असाल, सर."

"आपल्या पेपरात अर्ध्या बरोबरला मार्क नसतात," ते म्हणाले. "तुरीचा दाणा तोलणारं गाव हाय आपलं. पोरीला एकदा काट्यावर उभी केली असती, तर मेंदू कशाला बघाया लागतोय?"

तेव्हा मी सांगितलं. शपथेचं, ताटाचं, सगळं. इतक्या वर्षांत ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सर भिंतीकडे बघत ऐकत होते.

"तू सतरा वर्षांची होतीस," ते म्हणाले. "मी चाळीस." एवढंच. मग बाहेरच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून त्यांनी डबा खाल्ला आणि दोनच्या गाडीनं परत गेले. फिल्म नेली नाही. मी हट्टानं देत होते, तर म्हणाले, "ह्यात उत्तर न्हाई."

त्यानंतर एकदाच दिसले. मी लातूरला एका लग्नाला गेले होते, दुपारी पाय आपोआप खानावळीकडे वळले. आता क्लासच्या इमारती पाच-पाच मजल्यांच्या झाल्यात, पोरं कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून येतात. खाला थकली आहे, सून बघते. खाला दाराशी खुर्चीत बसलेली. तिनं मला ओळखलं आणि नुसती मान आत वळवून दाखवलं.

कोपऱ्यातलं टेबल आता भिंतीकडे तोंड करून नव्हतं. सर एका मुलीच्या समोर बसले होते. मुलगी सोळा-सतराची, मनगटं दिसत होती तेवढ्यावरून मला कळलं. खालाची सून हळूच म्हणाली, "डाक्टरकडं न्हेतात सर तिला. मानसिकच्या, सोलापूरला. आईबापालाबी बोलवून घेतलं. काट्यावर उभं करायचं, औषधाचं, समदं ते डाक्टर बघत्यात. पन जेवायच्या वक्ताला ह्ये हितं बसत्यात. ही तिसरी पोरगी."

सरांच्या पुढे खान्यांचं ताट नव्हतं. साधं सपाट ताट होतं, आणि त्यात खिचडी होती. पिवळी, पातळ, सगळं सगळ्यात मिसळलेली. मुलीच्याही ताटात तीच.

सरांनी एक घास उचलला. तो तोंडात गेला तशा त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे मिटले, कपाळावर घाम आला. मी डॉक्टर आहे. ओकारी दाबणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. त्यांनी घास गिळला. पाणी प्याले. डोळ्यांतून आलेलं पाणी बाहीनं पुसलं आणि आयुष्यभर खांद्यांशी बोललेला तो माणूस त्या मुलीच्या सरळ डोळ्यांत बघत म्हणाला,

"माझा झाला. आता तुझा."

मुलगी रडत होती. सरांनी पाठ फिरवली नाही. बराच वेळ गेला. मग तिनं नखाएवढा घास उचलला आणि खाल्ला. सरांनी पुन्हा ताटात हात घातला.

"रोज?" मी खालाला विचारलं.

"रोज. बाद में जाके उलटी करता, तो बी रोज," खाला म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

मला तिथून निघून जायला हवं होतं, पण मी दारातच उभी राहिले. तेवढ्यात सरांची नजर माझ्यावर पडली. लहानपणापासून तोंडात बसलेलं तेच बाहेर पडलं.

"जेवण झालं का, सर?"

सरांनी आधी आपल्या ताटाकडे पाहिलं, मग तिच्या.

"न्हाई," ते म्हणाले. "हिचे अजून सहा घास ऱ्हायलेत."